शिंक दाबून शहापूरपर्यंत

कोल्हापूरहून बेळगावला जाणं म्हणजे काही विलायतेला जाणं नव्हे, हे मला कबूल आहे. आमच्या गल्लीतले व्यापारी आज जातात आणि उद्या कुंद्याच्या मिठाईचा पुडा घेऊन परत येतात. त्यांतल्या कुणी त्यावर चार ओळी लिहिल्याचं ऐकिवात नाही. पण मी जन्मात कागलच्या पलीकडे गेले नव्हते, आणि हा प्रवास ज्या भीतीनं केला ती आता पुरती उतरली आहे. घरी परत आल्यावर मी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर उंबऱ्यात उभी राहून मनसोक्त, गल्लीला ऐकू जाईल अशी शिंकले. ते का, हे सांगायचं तर आधी मी कोण हे सांगायला हवं.

मी सिनेमात गाते. सिनेमात दिसत नाही, फक्त गाते. पूर्वी जिला गाता येई तीच नटी होई. आता चेहरा एकीचा आणि गळा दुसरीचा चालतो. पंधराव्या वर्षी मी स्टुडिओत कोरसात उभी राहायला लागले. एकदा नायिकेला वरचा सूर काही केल्या लागेना, तेव्हा संगीत मास्तरांनी मला मागच्या ओळीतून दंडाला धरून माईकपुढे आणलं, आणि तेव्हापासून मी पुढेच आहे. गाणं बसवायच्या आधी मी नटीच्या शेजारी जाऊन बसते. ती बोलताना तोंड किती उघडते, हसताना श्वास कुठे घेते, हे बघून मग तिच्या चेहऱ्याला शोभेल असा आवाज काढते. पडद्यावर नाव तिचं येतं. मला त्याचं फारसं दुःख नव्हतं. उलट आईला ते बरंच वाटे, कारण नाव नाही म्हणजे बभ्रा नाही.

आता धाकट्या बहिणीचं, कमलचं, लग्न जमत आलं होतं. आम्ही मूळच्या इचलकरंजीच्या विणकरांतल्या. वडील गेल्यावर आई आम्हा दोघींना घेऊन कोल्हापुरात आली. मुलगा शहापूरचा, बेळगावला लागूनच. त्यांच्या घरी चार माग. त्यांनी कमलला पाहून पसंत केलं होतं. आता आमच्याकडच्यांनी जाऊन घर पाहायचं आणि मग सुपारी फोडायची. पण मुलाच्या वडिलांनी, ज्यांना सगळं शहापूर अण्णा म्हणतं, त्यांनी निरोप धाडला होता: बाकी हुंडापांडा काही नको, मात्र सिनेमाशी संबंध असलेल्या घरची मुलगी आम्हाला चालायची नाही. आमच्या मामानं तो निरोप ऐकला, जरा खाकरला, आणि आपल्या अकलेप्रमाणे उत्तर देऊन आला: मुलीची थोरली बहीण मुलींच्या शाळेत गाणं शिकवते.

"मग मी येतच न्हाई," मी म्हटलं.

"थोरली भैन घर बघाय आली न्हाई तर लोक काय म्हणतील?" मामा म्हणाला. "तू ये. फकस्त गाऊ नको. गुणगुणू बी नको. तोंड मिटून बस."

कमल दाराआड उभी राहून ऐकत होती. तिला तो मुलगा फार आवडला होता. तिनं माझ्या पिशवीत माझं लुगडं घडी घालून आधीच ठेवलं.

निपाणी

लढाईमुळे पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हापासून आमच्याकडच्या सर्व्हिस मोटारी कोळशावर चालतात. मोटारीच्या पाठीला एक बंब बांधलेला असतो. क्लीनर त्यात कोळसे घालतो, हातानं भाता फिरवतो, आणि मोटारीला पटलं तर ती निघते. कागलचा नाका, मग दूधगंगेचा पूल, असं करत आई, मामा आणि मी दिवस कलता कलता निपाणीला पोचलो, तेव्हा आमची तोंडं कोळसेवाल्यासारखी झाली होती.

निपाणी आधी नाकाला कळते, मग डोळ्यांना दिसते. तंबाखूचा हंगाम होता. वखारींच्या दारांतून पिवळट धूळ उडत होती, रस्त्यावर बैलगाड्यांची रांग, आणि सगळीकडे तो नाकात चढणारा तिखट खाट. तिथल्या माणसांना त्याचं काहीच वाटत नाही. मी मात्र मोटारीतून पाय खाली ठेवला तो शिंकतच.

इथे माझ्या शिंकेची जुनी गोष्ट सांगून टाकते. गेल्या वर्षी एका चित्रात मी एक विरहाचं गाणं म्हटलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी अगदी माझ्या शेजारी बसलेल्या तबलजींनी गाणं सुरू व्हायच्या आधी तंबाखू मळला आणि तळहातावर थाप मारली. धूळ सरळ माझ्या नाकात. अंतऱ्याच्या मध्यावर शिंक आली. फिल्मचा तुटवडा इतका, की एकदा बिघडलं तर पुन्हा घ्यायची सोय नाही. मी जीव खाऊन शिंक दाबली. सूर तुटला, घशात अडकला आणि पुढच्या अक्षरावर कसाबसा बाहेर पडला. मला वाटलं, संपलं आता. पण दिग्दर्शक उडी मारून उठले. म्हणाले, हाच हुंदका मला हवा होता! पुढे चित्रण करताना त्या नेमक्या जागी त्यांनी नटीला समईच्या ज्योतीकडे तोंड फिरवायला लावलं, आणि थेटरात माणसं तिथेच डोळे पुसू लागली. लाखेच्या टंचाईमुळे त्या गाण्याची तबकडी काही निघाली नाही. ज्यानं ऐकलं त्यानं थेटरातच ऐकलं. नटीच्या हुंदक्याचं वर्तमानपत्रात कौतुक आलं. शिंकेचं कुठेच आलं नाही.

निपाणीत आम्ही मामाच्या ओळखीच्या जैन व्यापाऱ्यांकडे उतरलो. हात-तोंड धुवायचीही उसंत न देता घरच्या पद्माकाकींनी आम्हाला पाटावर बसवलं, कारण त्यांच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवतात. आमच्याकडे आई रात्री नऊला चूल पेटवते. इथे उजेडात जेवण उरकून माणसं ओसरीवर गप्पा मारायला मोकळी. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आणि तरीही मटकीची उसळ अशी की मी दोनदा मागून घेतली. शेवटी खपली गव्हाची खीर आली. त्या तिला हुग्गी म्हणतात. काकी नवऱ्याशी कानडीत बोलायच्या, आमच्याशी मराठीत, आणि गाईशी कुठल्या भाषेत ते मला समजलं नाही.

जेवण होतंय तोच रस्त्यानं एक बैलगाडी ताशा वाजवत गेली. दोन्ही बाजूंना त्या विरहाच्या गाण्याच्या चित्राच्या पाट्या, पाट्यांवर त्याच नटीचा चेहरा, आणि पुढे बसलेला माणूस ओरडत होता, "गोड गळ्याची राणी! आज रातच्याला तंबूत!"

"जाऊया का गं?" काकी आईला म्हणाल्या. "बाजारपेठेच्या मागं तंबू पडलाय. लई चांगलं गाती म्हणं ती."

"छे, छे," मामा घाईघाईनं म्हणाला. "आमच्यात चालत न्हाई."

आईनं मान खाली घालून खिरीची वाटी पुसून चाटली. मी शिंकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना काकींच्या यजमानांनी व्याह्यांसाठी म्हणून तंबाखूचा एक मोठा पुडा मामाच्या हाती दिला. "अण्णांस्नी द्या," ते म्हणाले. "निपाणीवरनं गेलासा आन तंबाकू न्हाई नेलासा, तर मानूस नाव ठेवंल." तो पुडा प्रवासभर माझ्या मांडीपाशी होता.

तवंदीचा घाट

निपाणी सोडली की तवंदीचा घाट लागतो. घाट म्हणण्याइतका मोठा नाही, पण आमच्या मोटारीला तो हिमालय झाला. अर्ध्यावर तिनं दोन उसासे टाकले आणि मागे सरकू लागली.

"उतरा, उतरा! बायाबी उतरा!" क्लीनर ओरडला आणि चाकाखाली दगड घातला.

आम्ही सगळे चालत निघालो. सकाळची वेळ, वारा छान, खाली निपाणीची कौलं दिसत होती आणि धूळ मागे राहिल्यामुळे माझं नाक पहिल्यांदा मोकळं झालं होतं. मोटार मागून माणसांशिवाय हळूहळू चढत होती. मला वाटतं, तिला आमचाच कंटाळा आला असावा.

आई पदर खोचून पुढे चालत होती. तिला गाठून मी बरोबरीनं चालू लागले.

"अनू," ती म्हणाली, "तितं नुस्तं व्हय-न्हाय कर. कमळीचं हुईस्तवर."

"करते की."

थोडं चालल्यावर मला राहवलं नाही. "आई, माझं गाणं तू कधी ऐकलंस गं?"

"घरात ऐकतीच की रोज."

"सिनेमातलं?"

आईनं मागे वळून मोटार कुठवर आली ते बघितलं. मोटार बरीच जवळ आली होती, तरी ती बघतच राहिली. सात वर्षं मी गात होते आणि माझं एकही चित्र तिनं पाहिलं नव्हतं. शेजारणींना ती सांगे, पोरगी शाळेत शिकवती. मामाची थाप खरं तर तिचीच होती, मामानं ती फक्त शहापूरला नेली. मला वाईट वाटलं, हे लपवून काय करू? वरच्या वळणावर मोटारीत चढले आणि संकेश्वर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले.

संकेश्वरला हिरण्यकेशीच्या काठी मोटारीनं पुन्हा दम खाल्ला. तिथे गरम भजी खाल्ली आणि राग निवळला. माझे राग असे भज्यांनी निवळणारे असतात, हे कमलला चांगलं ठाऊक आहे.

शहापूर

बेळगावच्या स्टँडवरून टांगा केला. रेल्वेचं फाटक ओलांडून शहापुरात शिरलं की रस्त्याचा आवाज बदलतो. दोन्ही बाजूंच्या घरांतून मागांची खटखट, आणि पुढे वडगावपर्यंत ती तशीच चालते म्हणे. एका बोळात तर रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मागावर चढवायच्या उभ्या सुताचा ताणा पसरला होता आणि बायका कुंच्यानं त्याला खळ लावत होत्या. आमचा टांगा थांबला. टांगेवाला मुकाट्यानं उतरून विडी ओढत बसला. ताण्याला वाट सोडायची, ताणा कुणाला वाट सोडत नाही, अशी तिथली शिस्त.

अण्णा दारातच उभे होते. उंच, पांढऱ्या मिशा, कपाळाला भस्म. त्यांच्या मागे त्यांची बायको आक्का, ठेंगणी आणि हसरी. मुलगा विठ्ठल आम्हाला नमस्कार करून जो मागच्या खोलीत गेला तो जेवायलाच बाहेर आला. कमलनं त्याच्यात काय पाहिलं ते मला लगेच कळलं. त्यानं आईच्या हातातली पिशवी न मागता घेतली होती.

जेवायला मांडे होते. मनातले मांडे आम्ही आजवर पुष्कळ खाल्ले, ताटातले मी प्रथमच पाहिले. उपड्या मडक्यावर भाजलेला, रुमालासारखा घडी घातलेला, तोंडात घातला की साखर होऊन विरणारा. लग्नाचं पक्वान्न, आणि आक्कांनी ते घर बघायला आलेल्यांना केलं होतं. आईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत आशा होती, आणि त्यामुळेच मला अधिक भीती वाटू लागली.

जेवताना अण्णा एकदाच बोलले. "आमच्या गल्लीत म्या सांगून ठिवलंय. थेटरात पाऊल टाकलं त्या पोरानं माझ्या दारात यायचं न्हाय. बिघडाय लागल्यात पोरं."

"अगदी खरं," मामा म्हणाला आणि त्याला ठसका लागला.

संध्याकाळी मागाच्या खोलीत दिवा लावला. त्या दिवशी नवा ताणा चढला होता, लाल-हिरवा, झगझगीत. आक्का आईला हळूच म्हणाल्या, "सुपारी फुटली तर ह्यातलंच पैलं लुगडं सूनबाईला." कमलचं लुगडं. मी हात लावून पाहिला, सूत अजून खळीनं कडक होतं.

विठ्ठल मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला, आडवं सूत नेणारा धोटा हातात घेऊन. नारळ फुटला. मला वाटलं, झालं. पण इथेच माशी शिंकली.

"आमच्यात एक रीत हाय," आक्का म्हणाल्या. "नव्या ताण्याम्होरं कुणीतरी गाणं म्हनल्याबिगर पैला धोटा टाकत न्हाईत. दर टायमाला मीच कायतरी म्हणते, आन मागसुदिक कंटाळलाय. आज घरात गाण्याची मास्तरीन आलीया. म्हण बाई."

"तिचा घसा बसलाय," मामा म्हणाला.

"जेवताना तर बरा हुता."

नाही म्हणायची सोय उरली नाही. शाळेत गाणं शिकवणारी बाई गाणं म्हणायला नको म्हणते, हे कुणाला पटेल? मग मी माझ्या धंद्यातली युक्ती केली. चेहऱ्याला शोभेल असा आवाज काढायचा. मी मनाशी एक मास्तरीण उभी केली, चष्मा, हातात छडी, मुलींवर खेकसून खेकसून कोरडा झालेला गळा. त्या बाईच्या आवाजात मी आईनं लहानपणी शिकवलेलं एक ओव्यांचं गाणं सुरू केलं. सरळ, सपाट, गोडवा म्हणून नाही. पहिलं कडवं निभावलं. मामाच्या कपाळावरचा घाम थांबला.

अण्णा घोंगडीवर माझ्या अगदी पुढ्यात बसले होते, डोळे मिटून. दुसऱ्या कडव्याला त्यांनी निपाणीचा पुडा उघडला. चिमूट हातावर घेतली, चुना लावला, अंगठ्यानं मळली. मी गात होते आणि त्या अंगठ्याकडे बघत होते. मग त्यांनी ती थाप मारली.

धूळ उठून सरळ माझ्या नाकात. आता आमच्याकडे कामाच्या आरंभाला शिंकणं म्हणजे केवढा अपशकुन, हे सांगायला नको. धोटा विठ्ठलच्या हातात, ताणा कमलच्या लुगड्याचा, आणि शिंकणार कोण, तर मुलीची थोरली बहीण! मी जीव खाऊन शिंक दाबली. सूर तुटला, घशात अडकला आणि पुढच्या अक्षरावर बाहेर पडला. मास्तरीण कुठे गेली कोण जाणे. बाहेर पडला तो माझा आवाज होता, चित्रातला तोच हुंदका घेऊन.

"हां!" अण्णा मिटल्या डोळ्यांनी, मान डोलावत म्हणाले. "हितंच ती दिव्याकडं तोंड फिरवती बघा!"

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. अण्णांनी डोळे उघडले. त्यांच्या तळहातावर तंबाखू तसाच होता.

"कोण ओ?" आक्कांनी विचारलं. "कोण तोंड फिरवती?"

"कोण... कोण म्हंजी..."

"दिव्याकडं कोण तोंड फिरवती म्हनलासा?"

विठ्ठलनं मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. तो रडत नव्हता.

"तरीच," आक्का म्हणाल्या. "सोमवारी सोमवारी महादेवाच्या आरतीला जात हुतासा. आन येताना अंगाला अंगाऱ्याचा वास न्हाय, विडीचा वास!"

"देवळातबी जात हुतो की," अण्णा म्हणाले. त्यांची मिशी एकदम लहान दिसू लागली. "थेटर त्याच वाटंवर हाय."

मग त्यांना दुसरी गोष्ट सुचली असावी. ते माझ्याकडे वळले. "पोरी, खरं सांग. पडद्यावर ती गाती, त्यो आवाज तुझा?"

मामानं तोंड उघडलं. आईनं त्याचा हात दाबला, हे मी पाहिलं. मी कमलची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि म्हणाले, "व्हय अण्णा. माझाच." आणि तेवढं म्हणताना जी शिंक इतका वेळ अडवून धरली होती ती सुटली. समई विझता विझता राहिली.

"पैला धोटा अजून पडल्याला न्हाय," आक्का घाईनं म्हणाल्या. "काय बाधत न्हाय."

"मग मास्तरीन म्हणून का सांगितलासा?" अण्णांनी मामाला विचारलं.

"तुमच्या अटीला भ्यालो," मामा म्हणाला. आयुष्यात तो इतकं सरळ कधी बोलला नसेल.

"आन म्या हिला भ्यालो," अण्णा आक्कांकडे बोट दाखवून म्हणाले. "फिट्टंफाट झाली म्हणायची."

पहिल्यांदा हसला तो विठ्ठल, खड्ड्यातून. मग आक्का, मग मामा, आणि मी तर हसता हसता रडू लागले. इतका वेळ छातीवर धोंडा होता तो कुणीतरी उचलून बोळात टाकल्यासारखं झालं.

हसू ओसरल्यावर अण्णा म्हणाले, "चार डाव बघितला त्यो शिनमा. चार डाव पाट्या वाचल्या. तुजं नाव कुटं न्हाय ते?"

"घालत न्हाईत अण्णा."

त्यांनी तंबाखू तोंडात टाकला आणि मागाकडे बघितलं. "आमचंबी तसंच हाय म्हण की. जन्मभर लुगडी इणली. नेसती तिला समदी म्हणत्यात, काय शोभतंय! इणलं कुणी, कोण इचारतंय?" मग ताण्याकडे हात करून म्हणाले, "गाणं अर्धं ऱ्हायलंय. पुरं कर. आन ह्या खेपंला मास्तरनीचा आवाज काढू नको."

मी ते गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, माझ्या आवाजात. संपलं तेव्हा विठ्ठलनं धोटा टाकला, आणि माग चालू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुपारी फुटली. अट कुणी मागे घेतली नाही, तिचं नावच कुणी काढलं नाही. आक्कांनी मात्र जाहीर केलं, की येत्या सोमवारी महादेवाच्या आरतीला त्याही येणार, आणि वाटेत जे जे काही असेल ते ते बघणार.

पुन्हा निपाणी

परतीच्या प्रवासात मोटार दोनदा बंद पडली, पण आता कुणाला घाई होती? मामा क्लीनरला भाता फिरवू लागला. पिशवीत कुंदा आणि घडी घातलेले मांडे. तवंदीचा घाट उतरताना आई एकदम म्हणाली, "निपाणीत त्यो तंबू हाय न्हवं अजून?"

पद्माकाकींनी पुन्हा उजेडातच जेवू घातलं. एवढ्या लवकर जेवण झालं की तंबूचा पहिला खेळ गाठता येतो, हा त्यांच्या धर्माचा फायदा मला त्या दिवशी कळला. मामा ओसरीवर घोरत राहिला आणि आम्ही तिघी गेलो. बायकांच्या बाजूला मध्ये कनात लावली होती. खाली पोती अंथरली होती. पुष्कळ बायका वखारीतून थेट आल्या होत्या, लुगड्यांवर दिवसभराची तंबाखूची धूळ घेऊन. मी पदर नाकाला लावून बसले.

चित्र सुरू झालं. दोनदा तुटलं, माणसांनी शिट्ट्या मारल्या, पुन्हा सुरू झालं. मग ते गाणं आलं. स्टुडिओत मी ते रिकाम्या भिंतींपुढे म्हटलं होतं. इतक्या माणसांत बसून ते कधी ऐकलं नव्हतं. तंबू गप्प झाला. आई पुढे वाकून ऐकत होती. तिचे ओठ किंचित हलत होते. अंतरा आला, सूर तुटला, नटीनं दिव्याकडे तोंड फिरवलं, आणि सगळ्या तंबूभर पदर डोळ्यांना लागले. माझ्या शेजारची बाई तर स्फुंदू लागली. तिनं पदर झटकला, आणि मी शिंकले.

"गप की गं बया!" ती माझ्यावर खेकसली. "ती रडाय लागलीया आन तुला शिंकाय सुचतंय!"

आई माझ्यावरून वाकून तिला म्हणाली, "अगं, तीच गातीया. ही. माझी लेक हाय."

बाईनं मला पदरापासून पायापर्यंत बघितलं. शिंकून नाक लाल झालेलं, कपाळाला मोटारीचा कोळसा. "व्हय तर," ती म्हणाली. "आन पडद्यावरची ती माझी जाऊ."

पुढच्या ओळीतल्या दोघीतिघी फिसकन हसल्या. मी आईचा हात ओढला, म्हटलं राहू दे. पण आई पदर सावरून उठली, मागच्या ओळीकडे वळली आणि त्यांनाही सांगू लागली. कुणाचा म्हणून विश्वास बसला नाही. खेळ संपून सगळ्या बायका कनातीबाहेर पडेपर्यंत आई एकेकीला थांबवून सांगतच होती.